रडणाऱ्याला देवाच्या घरात जागा आहे का?

आजचे वाचन: उपदेशक ७:१-६, नीतिसूत्रे २५:२०, स्तोत्र ८८



आज सकाळी वाचनाला उपदेशकाचा सातवा अध्याय आला. खरं सांगायचं तर हा अध्याय मी पुष्कळ वर्षं घाईघाईने वाचून पुढे जात असे. मेजवानीच्या घरी जाण्यापेक्षा शोकाच्या घरी गेलेलं बरं, असं उपदेशक म्हणतो. कारणही देतो. सगळ्या माणसांचा शेवट तिथे दिसतो आणि जो अजून जिवंत आहे तो ही गोष्ट मनावर घेतो. एवढ्यावर न थांबता तो सांगतो की शहाण्याचं मन शोकाच्या घरात असतं आणि मूर्खाचं मन मौजेच्या घरात.

आपल्या रविवारच्या उपासनेत हे वचन कुठे बसतं? आपल्याला तर वाटतं की देवाच्या घरात यायचं ते हसत यायचं आणि चेहरा पडलेला असेल तर दारातच पुसून आत यायचं. आज याच प्रश्नावर मनन करू या. पण त्याआधी मला माझी एक चूक तुमच्यापुढे कबूल करायची आहे, कारण हे वचन मला त्या चुकीतूनच कळलं.

मी आमच्या मंडळीत बरीच वर्षं गाण्याची सेवा करतो. काही वर्षांपूर्वी आमच्यातल्या एका मावशींचा तरुण मुलगा मोटरसायकलच्या अपघातात गेला. मातीला सगळी मंडळी होती. त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी मावशी उपासनेला आल्या. नेहमीच्याच बाकावर, खिडकीजवळ बसल्या. आम्ही त्या दिवशी सगळी उपकारस्तुतीची गाणी निवडली होती. ढोलक, कीबोर्ड, टाळ्या सगळं जोरात होतं. दुसऱ्या गाण्याला मावशी पदर तोंडावर धरून हुंदके देऊ लागल्या. आजूबाजूची माणसं चुळबुळ करायला लागली. तेव्हा मी माईकवरूनच म्हणालो, “मावशी, रडू नका. आपला देव जिवंत आहे. सैतानाला आनंद होईल असं करू नका. उठा, हात वर करा आणि स्तुती करा.”

मावशी उठल्या. त्यांनी हात वर केले. लोक मोठ्याने हालेलूया म्हणाले. त्या दिवशी घरी जाताना मला वाटलं, आज उपासना फार आशीर्वादित झाली.

पुढच्या रविवारी मावशी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. महिनोन्‌महिने त्यांचा बाक रिकामा राहिला आणि मी काय म्हटलं? ‘मावशी विश्वासात कमी पडल्या.’ असं मी चारचौघांत बोललोसुद्धा.

मग माझे वडील वारले. दफनानंतरच्या पहिल्याच रविवारी मी सवयीने माईकपुढे उभा राहिलो. कीबोर्डवाल्या भावाने सुरुवात तीनदा वाजवली, पण माझ्या तोंडातून शब्द फुटेना. शेवटी कुणीतरी माईक हातातून घेतला. उपासना संपल्यावर एका वडीलधाऱ्या बंधूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मायेनेच म्हणाले, “विश्वासणाऱ्याने असं खचायचं नसतं, बाळा.” ते माझंच वाक्य होतं. फक्त आता ते माझ्यावर आलं होतं.

त्या रात्री नीतिसूत्रे वाचताना २५ व्या अध्यायातलं २० वं वचन जणू पहिल्यांदाच दिसलं. दुःखी मनाच्या माणसापुढे गाणी गाणं म्हणजे थंडीच्या दिवसात कुणाच्या अंगावरचं पांघरूण ओढून घेण्यासारखं, सोड्यावर शिरका ओतण्यासारखं आहे, असं तिथे सांगितलं आहे. मी पुस्तक मिटलं. मी त्या मावशींच्या अंगावरची शाल ओढून घेतली होती, तीही देवाच्या घरात आणि देवाचंच नाव घेऊन.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनात आहे. उपासनेत दुःख नुसतं सहन करून घ्यायचं असतं, की त्याला स्वतःची काही किंमत आहे?

देवाने आपल्या लोकांच्या हाती जे गीतांचं पुस्तक दिलं, ते आधी पाहू. दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत. ही कुणाची खासगी रोजनिशी नव्हे. ती लोकांनी मिळून गायची होती. आजच्या वाचनातलं ८८ वं स्तोत्र पाहा. त्याच्या मथळ्यातच ते गीत असल्याचं आणि मुख्य गवयाच्या हाती दिल्याचं लिहिलं आहे. म्हणजे कुणीतरी त्याची चाल बसवली असेल, कुणीतरी ते तयार केलं असेल. बहुतेक विलापस्तोत्रांत शेवटी कुठेतरी उजेड दिसतो, पण या स्तोत्रात तो दिसत नाही. मूळ इब्री भाषेत त्याचा शेवटचा शब्दच ‘अंधार’ असा आहे. आपल्यापैकी कुणी असं गाणं लिहून आणलं असतं, तर मी म्हटलं असतं, भाऊ, शेवटचं कडवं जरा विजयाचं घाला. पवित्र आत्म्याने मात्र ते जसं होतं तसंच राहू दिलं.

पण नीट वाचा. हा माणूस अंधारात असला तरी बोलतो कुणाशी? पहिल्याच ओळीत तो देवाला आपला तारणारा म्हणून हाक मारतो. रात्रंदिवस त्याच्याचपुढे ओरडतो. त्याची तक्रार देवाविरुद्ध आहे, पण ती देवापासून दूर जाऊन केलेली नाही. ज्याचा विश्वास संपला तो देवाशी भांडत बसत नाही, तो उठून निघून जातो. म्हणून हे स्तोत्र मला अविश्वासाचं वाटत नाही. हातात काहीच उरलेलं नसताना धरून ठेवलेला विश्वास म्हणजे काय, ते इथे दिसतं.

विलापगीताचंही तसंच आहे. इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम आणि मंदिर उद्ध्वस्त केलं, त्या राखेवर बसून हे लिहिलं गेलं. त्याचे पहिले चार अध्याय इब्री वर्णमालेच्या २२ अक्षरांच्या क्रमाने रचलेले आहेत. आपण ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत एकेक अक्षर घेऊन रडावं, तसं. दुःख आवरत नाही म्हणून त्याला अक्षरांचा काठ दिला आहे. देवाची दया दररोज सकाळी नवी होते, हे वचन आपल्या सगळ्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतं. ते याच पुस्तकाच्या मधोमध आहे. त्याच्या आधीही राख आहे आणि नंतरही राख आहे. आपण मधलं तेवढं वचन कापून घेतलं आणि राख तिथेच सोडून दिली.

आता कुणी म्हणेल, ‘हा जुना करार झाला. आता तर प्रभू उठला आहे, मग रडायचं कशाला?’ मीसुद्धा अगदी हेच म्हणत असे. पण योहानाच्या ११ व्या अध्यायात बेथानीला काय घडलं ते पाहा. लाजराला आपण उठवणार आहोत हे येशूला माहीत होतं. शिष्यांना त्याने आधीच तसं सांगितलंही होतं. थोड्याच वेळात धोंड बाजूला होणार होती. तरीही मरीयेला आणि तिच्याबरोबरच्या लोकांना रडताना पाहून त्याच्या डोळ्यांतून आसवं वाहिली. पुनरुत्थान ज्याला ठाऊक आहे त्याने रडायचं नसतं, हा नियम खरा असता तर त्या दिवशी जगात एकाच माणसाने रडायला नको होतं, आणि तोच रडला. तो मरीयेला गप्प करत नाही, हात वर करायला सांगत नाही. आधी तिच्याबरोबर रडतो, मग कबरेकडे जातो.

आणि गेथशेमानेची ती रात्र? भोजन झाल्यावर येशू आणि शिष्य स्तोत्र गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे निघाले, असं मार्क आणि मत्तय सांगतात. गाणं संपलं आणि पुढे त्याच वाटेवर त्याने आपल्या तिघा जवळच्यांना सांगितलं की माझा जीव मरणाइतका खिन्न झाला आहे. एकाच संध्याकाळी, एकाच मुखात गीतही होतं आणि आक्रोशही. इब्री लोकांस पत्राच्या पाचव्या अध्यायात तर मोठ्याने हाका मारून आणि अश्रू गाळून त्याने प्रार्थना अर्पण केल्या, असं म्हटलं आहे. ‘अर्पण’ हा शब्द लक्षात घ्या. आसवंसुद्धा अर्पण होऊ शकतात.

‘पण पौल तर सर्वदा आनंद करा म्हणतो ना?’ होय, म्हणतो. फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात. ते पत्र तो बंदिवासातून लिहीत होता. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो एपफ्रदीताच्या आजारपणाबद्दल सांगतो आणि मान्य करतो की तो गेला असता तर माझ्या दुःखावर आणखी दुःख आलं असतं. तिसऱ्या अध्यायात काही लोकांविषयी लिहिताना आपण रडत आहोत, असं तो स्वतःच सांगतो. म्हणजे ज्या हाताने आनंद करा असं लिहिलं, त्याच हाताने त्याच पत्रात डोळेही पुसले. रोमकरांस पत्रातही आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करण्याची आज्ञा आहे आणि तिला जोडूनच रडणाऱ्यांबरोबर रडण्याची. पहिली अर्धी आज्ञा आपण मंडळीत पाळतो. दुसरी फक्त मातीला गेलो तर तिथे पाळतो, आणि तीसुद्धा तीन दिवस!

नहेम्याच्या आठव्या अध्यायाचा दाखला मला पुष्कळ वेळा देण्यात आला. तिथे नियमशास्त्र ऐकून लोक रडू लागले आणि त्यांना सांगितलं गेलं की आज शोक करू नका, परमेश्वराचा आनंद हाच तुमचा आधार. खरं आहे, तो सणाचा पवित्र दिवस होता. पण पान उलटा. नवव्या अध्यायात, त्याच महिन्याच्या २४ व्या दिवशी, तेच लोक उपास करून, गोणताट नेसून, अंगावर धूळ घेऊन आपली आणि आपल्या पूर्वजांची पापं कबूल करायला एकत्र आले. त्यांची आसवं कुणी बंद केली नव्हती, फक्त त्यांचा दिवस वेगळा ठरवला होता. आपल्या मंडळीत सणाचा दिवस तर दर आठवड्याला असतो. तो २४ वा दिवस कधी येतो?

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दुःख ही काही आपोआप पवित्र होणारी वस्तू नाही. लांब चेहरा करून बसणं म्हणजे भक्ती नव्हे. उपास करताना लोकांना दिसावं म्हणून तोंड उदास करणाऱ्यांना प्रभूने ढोंगी म्हटलं आहे. पौलही २ करिंथकरांस ७:१० मध्ये दोन प्रकारची दुःखं सांगतो. एक देवाच्या इच्छेप्रमाणे असलेलं, जे पश्चात्तापाकडे आणि तारणाकडे नेतं. दुसरं जगाचं, जे मरणाकडे नेतं. यहूदाला पस्तावा झाला नव्हता का? झाला होता. पण तो चांदीची नाणी घेऊन याजकांकडे गेला, आणि त्यांनी ते तुझं तू पाहून घे म्हणून हात झटकले. मग तो एकटाच निघून गेला. पेत्रही बाहेर जाऊन फार रडला, पण पुढे तो शिष्यांमध्येच सापडतो. रडणं दोघांकडेही असेल, फरक कुणाच्या दिशेने पावलं वळली त्यात आहे.

म्हणूनच मंडळीत रडायला जागा असणं ही साधी गोष्ट नाही. ज्याला आपण देवाच्या घरात रडू देत नाही, तो रडायचं थांबत नाही. तो दुसरीकडे जाऊन एकटा रडतो. आणि एकट्याचं दुःख कुठे नेईल, याचा भरवसा नाही.

आणखी एक विचार करा. आमोसाच्या सहाव्या अध्यायात हस्तिदंती पलंगांवर लोळून तंतुवाद्यांवर गाणी गाणारे लोक आहेत. देव त्यांना दोष देतो तो कशासाठी? योसेफाच्या घराण्याचा नाश होत असून त्यांना त्याचं काहीच दुःख नाही, म्हणून. ज्याला दुसऱ्यासाठी वाईट वाटत नाही, त्याचं गाणं देवाच्या कानाला गोड लागत नाही. आपल्या महाराष्ट्रात गावोगाव कर्जापायी शेतकऱ्याने जीव दिलेली घरं आहेत, आणि आपण एकदा तरी त्यांच्यासाठी थांबून गप्प उभे राहिलो का?

इथे मला पंडिता रमाबाईंची आठवण येते. दुष्काळाच्या वणवणीत त्यांनी आईवडील आणि थोरली बहीण गमावली, पुढे भाऊ गेला, आणि लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच १८८२ साली पतीही गेले. हे सगळं दुःख त्यांनी विसरून टाकलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. पण १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या, कारण दुष्काळ म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. पुढे १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन आलं, त्याची आठवण आपण मोठ्या अभिमानाने काढतो. पण त्या संजीवनात काय होतं? आपल्या पापांसाठी तासन्‌तास रडणाऱ्या, कबुली देणाऱ्या, दुसऱ्यांसाठी कळवळून प्रार्थना करणाऱ्या मुली होत्या. आनंदही आला, पण तो त्या आसवांच्या वाटेने आला. आपल्याला मात्र वाट नको, फक्त मुक्काम हवा.

आता मावशींचं सांगतो. वडील गेल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी मी त्यांच्या घरी गेलो. काय बोलावं सुचत नव्हतं. मी म्हणालो, “मावशी, त्या दिवशी मी तुम्हाला सगळ्यांसमोर गप्प केलं. माझं चुकलं. मला क्षमा करा.” त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग चहा ठेवायला उठल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, “मी देवावर रुसले नव्हते रे. मला तिथेच तर रडायचं होतं. घरी रडले तर सून रडते, नातवंडं घाबरतात. म्हटलं, देवाच्या घरी तरी रडू देतील.”

यावर मी काय उत्तर देणार? चहा घेतला, दोघं रडलो, प्रार्थना केली. त्या लगेच पुढच्या रविवारी आल्या, असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. त्यांना यायला पुष्कळ दिवस लागले. अजूनही काही रविवार त्या येत नाहीत. एका वाक्याने केलेली जखम एका क्षमायाचनेने भरत नाही, हेही मी शिकलो.

पाळकसाहेबांशी बोलून आम्ही उपासनेत थोडा बदल केला. मध्यस्थीच्या प्रार्थनेआधी एक विलापस्तोत्र वाचतो आणि मग दोन मिनिटं कुणीच काही बोलत नाही. कीबोर्डही नाही. सुरुवातीला काही बंधूंना ते आवडलं नाही. ‘उपासना थंड पडते’ असं ते म्हणाले. मलाही पहिल्या रविवारी ती दोन मिनिटं जड गेली, सारखं घड्याळाकडे लक्ष जात होतं. पण हळूहळू त्या शांततेत कुठून कुठून हुंदके ऐकू येऊ लागले. ज्यांच्या घरात काही दुःख आहे याची आम्हाला कल्पनाही नव्हती, तिथूनसुद्धा. प्रभुभोजनाच्या आधीही आता आम्ही गाण्याची घाई करत नाही. आपण तिथे प्रभूचं मरण जाहीर करतो, असं पौल सांगतो, आणि त्याआधी प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी, असंही. परीक्षा करायची तर थोडं शांत बसायला नको का?

उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन आपण वधस्तंभाजवळ बसतो. त्या तीन तासांत कुणी कुणाला ‘रडू नका, परवा तो उठणारच आहे’ असं म्हणत नाही. सगळ्यांना रविवार माहीत असतो, तरी शुक्रवार शुक्रवारच राहू देतो. माझं एवढंच म्हणणं आहे की मंडळीत दर रविवारी कुणाचा तरी शुक्रवार चालू असतो. त्याला आपल्या ईस्टरमध्ये ओढून न्यायची घाई करू नका. त्याच्याजवळ बसा. त्याचा रविवार आणणारा प्रभू आहे.

आज मनन करा: येत्या रविवारी तुमच्या बाकावर कुणी रडू लागलं तर तुम्ही काय कराल? आणि तुमचं स्वतःचं एखादं दुःख तुम्ही दारातच पुसून आत जाता का?

प्रार्थना: हे प्रभू येशू, तू मित्राच्या कबरेपाशी रडलास, बागेत जमिनीवर पडून आक्रोश केलास. तुझ्या नावाने आम्ही ज्यांना गप्प केलं, त्यांच्याविषयी आम्हाला क्षमा कर. आमच्या गाण्यांत खरेपणा दे आणि आमच्या शांततेत तू भेट. आज जो कुणी घरात एकटाच रडत आहे, त्याला रडायला तुझं घर दे, आणि त्याच्याजवळ गप्प बसायला आम्हाला धीर दे. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.